सहज सुचणाऱ्या गोष्टीला मक्तेदारी कशासाठी?

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या अभिमानाने एक आकडा जाहीर केला. त्याआधीच्या बारा महिन्यांत देशाच्या पेटंट कार्यालयाने एक लाख पेटंटे दिली होती. २०१४-१५ या संपूर्ण वर्षात दिलेल्या पेटंटांची संख्या सहा हजारांच्याही आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे ही वाढ किती प्रचंड आहे ते ध्यानात येते. वर्षानुवर्षे धूळ खात पडलेल्या अर्जांचा निकाल लागू लागला ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु पेटंट म्हणजे कारखान्यातून बाहेर पडणारा माल नव्हे. जितका अधिक तितका चांगला, हा हिशेब त्याला लागू पडत नाही. प्रत्येक पेटंट ही एक मक्तेदारी असते आणि मक्तेदारीची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. म्हणून किती पेटंटे दिली, या प्रश्नाच्या आधी ती कशासाठी दिली, हा प्रश्न विचारला पाहिजे. नेमका तोच प्रश्न आपल्या सार्वजनिक चर्चेत फारसा विचारला जात नाही.

पेटंटला राजभाषेत एकस्व असा प्रतिशब्द आहे, आणि तो समर्पक आहे. एखादी वस्तू करण्याचा, विकण्याचा वा वापरण्याचा हक्क केवळ एकाच्या स्वाधीन करणे, हाच पेटंटचा अर्थ. भारतात हा हक्क अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालतो. त्या काळात दुसऱ्या कोणी स्वतःच्या बुद्धीने, पहिल्याची नक्कल न करता, तीच वस्तू बनवली तरी तो कायद्याने पेटंटाचा भंग करणारा ठरतो. इतका कठोर हक्क राज्यसंस्था एखाद्याला का देते?

एक सौदा

याचे उत्तर असे की हा एक सौदा आहे. संशोधकाने आपला शोध गुप्त न ठेवता त्याची साद्यंत माहिती समाजाला द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यात समाजाने त्याला काही काळ स्पर्धेपासून संरक्षण द्यावे, अशी ही देवाणघेवाण आहे. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १४७४ साली जो कायदा केला त्यातही हीच कल्पना होती. इंग्लंडमध्ये राजाने मर्जीतल्या लोकांना मीठ, पत्ते, साबण अशा नित्याच्या वस्तूंचे मक्ते वाटण्याचा सपाटा लावला, तेव्हा संतापलेल्या पार्लमेंटने १६२४ साली सगळ्या मक्त्यांवर बंदी घातली. प्रमुख अपवाद ठेवला तो नव्या निर्मितीचा. मक्ता हा नियमाला अपवाद आहे आणि त्या अपवादाचे समर्थन करण्याची जबाबदारी तो मागणाऱ्यावर आहे, हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत हीच गोष्ट अधिक नेमकेपणाने सांगता येते. स्पर्धा असेल तर वस्तूची किंमत तिच्या उत्पादनखर्चाच्या आसपास राहते. मक्तेदारी असेल तर विक्रेता किंमत वाढवतो, आणि ज्यांना ती परवडत नाही ते बाजाराबाहेर फेकले जातात. जे चढा भाव देतात त्यांचा पैसा निदान विक्रेत्याच्या खिशात तरी जातो. पण जे बाजाराबाहेर राहिले त्यांचे नुकसान कोणाच्याही पदरात पडत नाही. ती निव्वळ सामाजिक हानी होय. हे नुकसान समाजाने का सोसावे? याचे एकच सयुक्तिक उत्तर आहे: मक्तेदारीचे आमिष नसते तर तो शोध लागलाच नसता, किंवा फार उशिरा लागला असता. उलटपक्षी, जी गोष्ट त्या धंद्यातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला आज ना उद्या सुचणारच होती, तिच्यासाठी वीस वर्षांची मक्तेदारी देणे म्हणजे जे फुकट मिळणारच होते ते विकत घेणे होय.

पेटंटपद्धतीविषयी अर्थशास्त्रज्ञांचे मत कधीच एकमुखी नव्हते. फ्रिट्झ माखलुप या अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीसाठी या पद्धतीचा अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष असा की, ही पद्धत अस्तित्वात नसती तर ती सुरू करा असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरले असते. पण ती दीर्घकाळ चालत आलेली असल्यामुळे मोडून टाका असे सांगणेही तितकेच बेजबाबदारपणाचे आहे. इतकी काठावरची शिफारस ज्या व्यवस्थेच्या वाट्याला येते, तिचे बरेवाईट सर्वस्वी तिच्या प्रवेशद्वारावरील तपासणीवर अवलंबून राहते, हे उघड आहे.

ही तपासणी तीन प्रश्नांची असते. वस्तू नवी आहे काय? ती उद्योगात उपयोगी पडण्याजोगी आहे काय? आणि तिच्यात शोधकतेचे पाऊल आहे काय, म्हणजे त्या विषयातल्या निष्णात माणसालाही ती सहज सुचली नसती असे काही तिच्यात आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्या मानाने सोपी असतात. पण नवेपणा आणि शोध यांत अंतर आहे. चहाच्या कपाला आजवर कोणी तीन कान बसवले नसतील. म्हणून तीन कानांचा कप बनवणारा संशोधक ठरत नाही. सारे मर्म या तिसऱ्या प्रश्नात आहे.

दाराची मूठ

या तिसऱ्या प्रश्नाचा पाया एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूवरच्या वादात घातला गेला. अमेरिकेत काही उत्पादकांनी दाराची मूठ लाकूड वा धातूऐवजी भाजलेल्या मातीची किंवा चिनी मातीची बनवली आणि तिचे पेटंट घेतले. तशी मूठ पूर्वी कोणी केली नव्हती. ती स्वस्त होती, टिकाऊही होती. परंतु मूठ दांडीला बसवण्याची रीत जुनी होती आणि मातीही जुनीच. हॉचकिस विरुद्ध ग्रीनवुड या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ साली निर्णय दिला की, एका पदार्थाऐवजी दुसरा चांगला पदार्थ वापरणे हे कुशल कारागिराचे काम आहे, संशोधकाचे नव्हे. त्या धंद्यातल्या साधारण माहितगार कारागिरापाशी असते त्याहून अधिक कसब आणि प्रतिभा जिथे दिसत नाही तिथे पेटंटही नाही, हा त्या निर्णयाचा सारांश.

अमेरिकेच्या कायद्याच्या मजकुरात ही कसोटी यायला १९५२ साल उजाडले. पुढे तेथील कनिष्ठ न्यायालयांनी ती हळूहळू ढिली केली. अखेर २००७ साली मोटारीच्या पायपट्टीसंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की, निष्णात माणूस म्हणजे यंत्रमानव नव्हे. ज्ञात वस्तू ज्ञात रीतीने एकत्र जोडून अपेक्षितच परिणाम मिळत असेल, तर ते त्यालाही सुचणारच. पेटंटांचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या देशानेही कसोटीची दोरी पुन्हा आवळली, ही गोष्ट आपल्याकडे कसोटीचे नाव काढताच संशोधनविरोधाचा शिक्का मारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी.

मिर्झापूरची भांडी

भारतातला या विषयावरचा पायाभूत निर्णय दाराच्या मुठीइतक्याच घरगुती वस्तूवरून झाला. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर हे पितळेच्या आणि जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. भांडे घासून गुळगुळीत करण्यासाठी ते लेथवर धरून फिरवावे लागते. जुन्या रीतीत एक मोठा धोका होता. फिरता फिरता भांडे निसटून उडे आणि कामगाराला इजा होई. तेथील हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या पेढीच्या एका भागीदाराने भांडे दोन्ही बाजूंनी दाबून घट्ट धरण्याची एक योजना काढली आणि १९५१ साली पेढीने तिचे पेटंट मिळवले. त्याच गावातील विश्वनाथ प्रसाद राधेश्याम ही दुसरी पेढीही तशीच रीत वापरू लागली. पहिलीने दुसरीवर दावा लावला. दुसरीने उलट पेटंटच रद्द करण्याची मागणी केली.

अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी पेटंट रद्द ठरवले. अपिलात खंडपीठाने तो निर्णय फिरवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ साली न्या. सरकारिया यांनी लिहिलेल्या निकालपत्राने पहिला निर्णय कायम केला. लेथच्या एका टोकाला वस्तू बसवून दुसऱ्या टोकाकडून ती दाबून धरणे ही यंत्रकामातली जुनी, सर्वपरिचित गोष्ट होती. तीच भांड्यांच्या बाबतीत किरकोळ फेरफाराने वापरली गेली होती. न्यायालयाने म्हटले की, जुन्या गोष्टीतील सुधारणेला पेटंट मिळू शकते, पण ती सुधारणा कारखान्यातल्या नित्याच्या डागडुजीहून काहीतरी अधिक असली पाहिजे. तिच्यात स्वतंत्रपणे शोधकतेचे पाऊल दिसले पाहिजे. निव्वळ जुळवाजुळव किंवा जागेची अदलाबदल म्हणजे शोध नव्हे.

या निकालाचा कायदेशीर भाग वकिलांना पाठ असतो. परंतु त्यातील कालगणना अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे. पेटंट १९५१ चे. ते मुळातच द्यायला नको होते, हा अंतिम निर्णय १९७८ चा. मधली सत्तावीस वर्षे गेली. १९११ च्या ज्या जुन्या कायद्याखाली ते पेटंट दिले गेले, त्यातली सोळा वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती. म्हणजे पेटंट अवैध होते हे सिद्ध झाले ते त्याचे आयुष्य पुरते सरल्यावर. त्या काळात त्या गावातल्या किती लहान भांडीवाल्यांनी दाव्याच्या धास्तीने ती अधिक सुरक्षित रीत वापरायचे टाळले असेल, याचा हिशेब कोणत्याही निकालपत्रात सापडणार नाही. कामगाराच्या हाताला जपणारी साधी युक्तीदेखील परवानगीशिवाय वापरता येऊ नये, हा चुकीच्या पेटंटाचा खरा अर्थ आहे. चूक दारावर सुधारली नाही तर ती न्यायालयात सुधारेपर्यंत पिढी सरते.

व्याख्येतील एक खोच

१९७० च्या पेटंट कायद्यामागे न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल होता. भारतात नोंदलेली बहुसंख्य पेटंटे परकीयांची आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा या देशात उत्पादनासाठी उपयोगच केला जात नाही, हे त्या अहवालाने दाखवून दिले होते. त्यानुसार अन्न आणि औषधे यांच्या बाबतीत वस्तूला पेटंट न देता केवळ तिच्या उत्पादनप्रक्रियेला, तेही थोड्या मुदतीचे, पेटंट देण्याचे धोरण स्वीकारले गेले. भारतीय औषध उद्योग उभा राहिला तो या धोरणाच्या आधारावर. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे ते बदलावे लागले आणि १ जानेवारी २००५ पासून औषधांनाही वस्तू म्हणून पेटंट मिळू लागले. वस्तूच पेटंटखाली गेल्यावर, निराळ्या प्रक्रियेने तीच वस्तू स्वस्तात बनवण्याची जुनी वाट बंद झाली. साहजिकच 'सहज न सुचण्याच्या' कसोटीवरचा भार कितीतरी वाढला.

ही कसोटी कायद्यात व्याख्येच्या रूपाने आली ती २००२ च्या दुरुस्तीने, आणि २००५ साली तिला आजचे रूप मिळाले. विद्यमान ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही असलेले, आणि त्या विषयातील निष्णात व्यक्तीला सहज न सुचणारे वैशिष्ट्य म्हणजे शोधकतेचे पाऊल, असा त्या व्याख्येचा आशय आहे. यातील 'किंवा आर्थिक महत्त्व' हे शब्द विचित्र आहेत. एखादी वस्तू बाजारात भरपूर खपते याला जाहिरात, वितरणाचे जाळे, सुबक वेष्टन अशी अनेक कारणे असू शकतात. खप हा प्रतिभेचा पुरावा नव्हे. किंबहुना मक्तेदारी मिळाली म्हणजे आर्थिक महत्त्व आपोआपच येते! सुदैवाने व्याख्येचा शेवटचा भाग 'किंवा' या शब्दाने जोडलेला नसून 'आणि' या शब्दाने जोडलेला आहे. आर्थिक महत्त्व कितीही असो, गोष्ट सहज सुचणारी असेल तर पेटंट नाही. पेटंट कार्यालयाचे सारे व्यवहार या एका 'आणि'वर उभे राहिले पाहिजेत.

क्षयाचे औषध

ही चर्चा निव्वळ शब्दांची नाही, हे २०२३ साली मुंबईच्या पेटंट कार्यालयात लागलेल्या एका निर्णयावरून स्पष्ट होईल. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर बेडाक्विलिन हे मोलाचे औषध आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश रोगी एकट्या भारतात आहेत. या औषधाच्या मूळ संयुगाचे भारतातील पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. तत्पूर्वी जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या समूहाने त्याच संयुगाच्या फ्युमरेट नावाच्या क्षाराचे वेगळे पेटंट मागितले होते. ते मिळते तर मक्तेदारी आणखी चार वर्षे, २०२७ पर्यंत, लांबली असती.

मूळ संयुगाचा शोध हा निःसंशय मोठा शोध होता. त्याचे पेटंट कंपनीला मिळाले आणि तिने त्याचा पुरेपूर लाभ घेतला. प्रश्न होता क्षाराचा. औषधी द्रव्य पाण्यात नीट विरघळावे, टिकावे, गोळीत बसवता यावे यासाठी त्याचा योग्य क्षार निवडणे, हे औषधनिर्माणशास्त्र शिकलेल्या माणसाचे नेहमीचे काम आहे. महाराष्ट्रातील एच.आय.व्ही.बाधितांच्या संघटनेने या अर्जाला हरकत घेतली. पुढे २०१९ साली मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले या क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन तरुणींनीही हरकत नोंदवली. क्षयाच्या जुन्या औषधांच्या दुष्परिणामाने दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. त्यात शोधकतेचे पाऊल नाही, हे फेटाळणीचे एक प्रमुख कारण होते. मूळ पेटंटाची मुदत जुलैत संपली आणि भारतीय उत्पादकांना ते औषध बनवण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी क्षयाच्या औषधांची खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेला मिळणारा या औषधाचा दरही निम्म्याहून खाली उतरला.

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भारतीय कायद्याचे कलम ३ (ड) वेगळे आहे. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढत नसेल तर ते रूप शोधच मानू नये, असे ते सांगते. कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली ती मुख्यतः या कलमावर. त्याआधी अपील मंडळाने त्या अर्जात शोधकतेचे पाऊल असल्याचे मान्य केले होते आणि तरीही ३ (ड) वर तो नाकारला होता. त्यामुळे 'आपल्याकडे ३ (ड) आहे, आता काळजी नाही' अशी एक समजूत पसरली. पण हे कलम रासायनिक पदार्थ, यंत्रे, प्रक्रिया यांच्या ज्ञात रूपांपुरतेच बोलते. औषधांच्या पलीकडचा उद्योगाचा सारा विस्तीर्ण प्रदेश, शेतीची अवजारे, पंप, वैद्यकीय उपकरणे, दूरसंचार, यांतील बहुतेक वाद शेवटी 'सहज न सुचण्याच्या' कसोटीवरच येऊन ठेपतात.

आक्षेप आणि उत्तरे

कसोटी कडक ठेवण्याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप वजनदार आहे. कोडे सुटल्यावर ते सोपे वाटते. उत्तर हाती असताना 'हे कोणालाही सुचले असते' असे म्हणणे सोपे असते. हे खरेच आहे. म्हणूनच परीक्षकाने अर्जाच्या तारखेला जे ज्ञान उपलब्ध होते तेवढेच समोर ठेवून विचार करावा, असा दंडक आहे. अनेक जाणत्यांनी त्या प्रश्नावर डोके फोडले आणि ते अपयशी ठरले, किंवा त्या काळचे तज्ज्ञ नेमक्या उलट दिशेला बोट दाखवत होते, असे अर्जदाराने दाखवून दिले तर त्याचा शोध सहज सुचणारा नव्हता हे मान्य करावेच लागेल. कडक कसोटी म्हणजे आंधळी कसोटी नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, विज्ञान लहान लहान पावलांनीच पुढे जाते; लहान पावलांना बक्षीस नाकारले तर मोठे पाऊल पडणार कसे? येथे प्रलोभनाच्या दिशेचा विसर पडतो. किरकोळ फेरफारालाही वीस वर्षांची मक्तेदारी मिळत असेल, तर हिशेबी व्यवस्थापक आपला पैसा किरकोळ फेरफारांतच घालील. जोखमीच्या, मूलभूत संशोधनाकडे तो कशाला वळेल? लहान पावले तर स्पर्धेच्या रेट्यानेच पडत असतात. प्रतिस्पर्ध्याहून चांगला माल द्यायचा तर कारखानदाराला रोज काही ना काही सुधारावेच लागते. त्यासाठी राज्याने मक्ता देण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप छोट्या संशोधकाच्या कैवाराचा आहे. कडक कसोटीने गावातला कल्पक मेस्त्री मारला जाईल, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती बहुधा उलटी असते. सहज सुचणाऱ्या गोष्टींवर पेटंटांचे कुंपण घालत जाण्याची ऐपत असते ती बड्या कंपन्यांची. मेस्त्रीला त्या कुंपणातून वाट काढायला वकील परवडत नाही. मिर्झापूरच्या दाव्यासारखा वर्षानुवर्षांचा दावा चालवणे त्याच्या आवाक्यातले नाही.

दारावरचा पहारा

तेव्हा प्रश्न कायद्याच्या शब्दांचा कमी आणि तो राबवणाऱ्या यंत्रणेचा अधिक आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या २०२२ च्या एका अभ्यासानुसार, मार्च २०२२ च्या अखेरीस आपल्या पेटंट कार्यालयातील मनुष्यबळ सुमारे ८६० होते. चीनमध्ये ते तेरा हजारांच्या वर आणि अमेरिकेत आठ हजारांच्या वर होते. त्यानंतर भरती झाली आहे. पण इतक्या थोड्या हातांवर एका वर्षात लाख पेटंटांचा भार येतो, तेव्हा एकेका अर्जाला किती तास मिळत असतील याचा विचार केलेला बरा. नवेपणा शोधायला संगणकाचे साह्य होते. 'हे सहज सुचले असते काय' हे ठरवायला मात्र माणसाला विचार करावा लागतो, आणि विचाराला वेळ लागतो. अर्ज फेटाळायचा तर सविस्तर कारणे लिहावी लागतात, सुनावणी घ्यावी लागते, अपिलाला तोंड द्यावे लागते. मंजूर करणे हा सोपा मार्ग असतो. कामाचे मोजमाप निकालात काढलेल्या अर्जांच्या संख्येवर होऊ लागले की पारडे कोणीकडे झुकेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

परीक्षकाच्या समोर जे कागद येतात त्यांवरच तो निर्णय देतो, हीदेखील एक मर्यादा आहे. हळदीने जखम भरते हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत त्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख यांचे पुरावे सादर केले, तेव्हा कुठे १९९७ साली ते रद्द झाले. सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही कोणीतरी उठून सांगावी लागते, हा त्यातला धडा. आपल्या कायद्यातील कलम २५ ने ही सोय ठेवली आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. पेटंटला आव्हान देण्याचा खर्च एकाने करायचा आणि त्याचा लाभ सर्वांनी घ्यायचा, अशी परिस्थिती असल्याने आव्हान देणारे मुळातच थोडे असतात. अशा वेळी हरकतीचे दार अरुंद करणे म्हणजे सार्वजनिक हिताचा एक स्वस्त पहारेकरी काढून टाकणे होय. केवळ अडवणुकीसाठी दुसऱ्याच्या नावाने हरकती घेतल्या जातात, ही तक्रारही खोटी नाही. मार्च २०२४ च्या नियमांनी हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही हे आधी ठरवण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला तो त्यासाठीच. परंतु ही चाळणी भुसा पाखडण्यासाठी वापरली जावी, धान्य टाकून देण्यासाठी नव्हे. रुग्णसंघटनेची हरकत तांत्रिक कारणाने दारातच थांबवली जाऊ लागली, तर बेडाक्विलिनसारखा निर्णय पुन्हा होणार नाही.

या प्रश्नाचा शिक्षणसंस्थांशीही जवळचा संबंध आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या मूल्यमापनासाठी पेटंटला गुण ठेवले आहेत. संस्थांच्या क्रमवारीतही पेटंटांची गणना होते. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ऐंशी टक्के सवलत मिळते. हेतू चांगला आहे. पण जिथे गुण संख्येवर मिळतात तिथे संख्या वाढते आणि गुणवत्ता मागे राहते, हा परीक्षापद्धतीतला जुना अनुभव येथेही येणार. अर्ज प्रसिद्ध झाला एवढ्यावर 'पेटंट मिळाले' असे फलक लावण्याची प्रथा पडते आहे. वास्तविक अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो. त्यात कोणत्याही परीक्षेला उतरण्याचा प्रश्नच नसतो. विद्यार्थ्यांना शिकवायचे असेल तर पेटंटचा अर्ज कसा भरावा यापेक्षा, आपल्या कल्पनेत सहज न सुचण्यासारखे काय आहे, हा प्रश्न स्वतःला कसा विचारावा, हे आधी शिकवले पाहिजे. तो प्रश्न प्रामाणिकपणे विचारणारा विद्यार्थीच पुढे खरा संशोधक होण्याचा संभव अधिक.

करायला हवे ते फार अवघड नाही. परीक्षकांची संख्या व प्रशिक्षण वाढवावे. त्यांच्या कामाचे मोजमाप संख्येवर न करता पुढे अपिलात किती निर्णय टिकले यावर करावे. पेटंट फेटाळतानाच नव्हे, तर मंजूर करतानाही त्यात शोधकतेचे पाऊल कोणते, हे चार वाक्यांत का होईना, लिहिणे बंधनकारक करावे. ज्याच्यासाठी समाज वीस वर्षे किंमत मोजणार आहे ते नेमके काय आहे, हे जाणण्याचा समाजाला अधिकार आहे. आणि सरकारने दरवर्षी पेटंटांचा आकडा जाहीर करताना, किती अर्ज कोणत्या कारणाने नाकारले, हाही आकडा त्याच ठळकपणे जाहीर करावा. पेटंट कार्यालय नीट काम करते आहे किंवा नाही, हे त्या दुसऱ्या आकड्यावरून अधिक खात्रीने कळेल.

खऱ्या शोधाला उदार हाताने मोबदला द्यावा, याविषयी वाद नाही. परंतु ज्ञानाचा मोठा भाग हा सर्वांच्या मालकीचा असतो. कारागिराचे कसब, शिक्षकाने वर्गात सांगितलेले तत्त्व, धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली युक्ती हे सारे त्यात येते. त्या सामाईक रानात कुंपण घालू पाहणाऱ्याला, 'यात तू स्वतःचे असे काय आणलेस?' हा प्रश्न विचारणारा कोणीतरी दारावर उभा असला पाहिजे. तो पहारेकरी थकलेला, घाईत असलेला किंवा आकड्यांच्या ओझ्याखाली दबलेला असणे आपल्या देशाला परवडणारे नाही. कारण त्याच्या प्रत्येक चुकीची किंमत औषधाच्या दुकानात आणि लेथच्या बाजूला उभ्या असलेल्या, त्या निर्णयाची वार्ताही नसलेल्या माणसाला मोजावी लागते.